लेखणी थांबते, मालिका थांबत नाही

चैत्र-वैशाखातल्या दुपारी माधवनगरच्या पेठांमधली वर्दळ एकदा ओसरली, की वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या त्या पेठांतून जो एकच स्वर घरोघरी ऐकू येत राहतो, तो दूरचित्रवाणीवरील मालिकांचा असतो. सांगलीला लागून, पूर्वीच्या बुधगावकर पटवर्धनांच्या संस्थानी मुलखात वसलेल्या या व्यापारी गावात सकाळ दुकानाची आणि संध्याकाळ आल्यागेल्याची. परंतु जेवणे आटोपून ओटा पुसून झाल्यानंतरचा दीड-दोन तासांचा अवकाश हा गृहिणीच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हक्काचा, आणि त्या अवकाशाची मालकी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दैनंदिन मालिकेकडे निर्विवादपणे गेलेली आहे. त्या वेळी पडद्यावर जे दिसते त्यातले पुष्कळसे आदल्या रात्रीच्या भागाचे पुनःप्रक्षेपण असते; अलीकडे 'मुरांबा', 'लग्नाची बेडी' यांसारख्या खास दुपारच्या प्रहरासाठी योजिलेल्या मालिकाही त्यात आल्या. पाहणाऱ्यांना नटनट्यांची नावे मुखोद्गत असतात, कोणत्या सुनेने कोणत्या सासूचा कोणता अपराध पोटात घातला याचा तपशीलही ठाऊक असतो. पण या पात्रांच्या तोंडी रोज नवे वाक्य घालणारा लेखक कोण, असे विचारले तर उत्तर बहुधा मिळत नाही. या अनामिक माणसाने एके दिवशी लेखणी खाली ठेवली तर काय होईल? अमेरिकेत हा प्रश्न वारंवार प्रत्यक्षात उभा राहिला, आपल्याकडे तो एकदा अर्ध्यामुर्ध्या स्वरूपात उभा राहिला, आणि दोन्हीकडे मिळालेली उत्तरे परस्परांहून इतकी भिन्न आहेत, की त्या भिन्नतेचे कारण शोधणे हेच माझ्या मते या विषयाचे मर्म होय.

प्रथम दैनंदिन मालिका लिहिली कशी जाते, हे पाहिले पाहिजे. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा जाता कथेच्या वाट्याला सुमारे २२ मिनिटे उरतात. असे आठवड्याला सहा, क्वचित सात भाग, म्हणजे दर आठवड्याला एका चित्रपटाहून अधिक लांबीचा मजकूर वर्षानुवर्षे अखंड पुरवावा लागतो. हे काम एका हातून होणे अशक्य असल्यामुळे आपल्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, असा शिरस्ता पडलेला आहे. कथालेखक महिना-दोन महिन्यांचा 'ट्रॅक' आखतो, वाहिनीची क्रिएटिव्ह मंडळी तो मंजूर करतात, पटकथाकार त्याचे दृश्यांत विभाजन करतो, आणि संवादलेखक ती दृश्ये बोलकी करून पुष्कळदा चित्रीकरणाच्या आदल्या रात्री, कधी तर त्याच सकाळी, सेटवर रवाना करतो. चित्रित होऊन तयार असलेल्या भागांच्या शिल्लकीला या व्यवसायात 'बँक' म्हणतात. ही बँक पंधरा दिवसांची असली तर निर्माता स्वतःला भाग्यवान समजतो. दोन-तीन दिवसांवर आली तर साऱ्या युनिटची झोप उडते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आणि ते प्रतिकूल असले तर मंजूर झालेला ट्रॅकही रातोरात बदलून लिहावा लागतो. तात्पर्य, ज्या यंत्राला कच्चा माल रोज आणि नेमका लागतो, ते यंत्र तो माल पुरवणाऱ्याने हात आखडताच बंद पडेल, असेच कोणाही समंजस माणसाला वाटेल. आणि इथेच अनुभव तर्काला खोटे पाडतो.

या कथाप्रकाराचा जन्म अमेरिकेत, आणि तोही नभोवाणीवर झाला. १९३० साली शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावरून इर्ना फिलिप्स या लेखिकेने 'पेंटेड ड्रीम्स' ही दैनंदिन कौटुंबिक कथा सुरू केली. पुढे साबणाच्या कारखानदारांनी, विशेषतः प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीने, घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या कानापर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणून या कथांना आश्रय दिला, आणि त्यामुळे 'सोप ऑपेरा' हे नाव रूढ झाले. फिलिप्सबाईंचीच 'गायडिंग लाइट' १९३७ साली नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ साली दूरचित्रवाणीवर आली आणि सप्टेंबर २००९ मध्ये संपली. म्हणजे ७२ वर्षे एकच कथा चालली. आपल्याकडे १९८४ साली मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीतून 'हम लोग' अवतरली, १९९४ साली 'शांति'ने दुपारच्या वेळेला प्रतिष्ठा दिली, सह्याद्री वाहिनीवरील 'दामिनी'ने मराठी घरांना रोजच्या मालिकेची सवय लावली, आणि २००१ साली सुरू झालेल्या 'चार दिवस सासूचे'ने तीन हजारांहून अधिक भागांचा पल्ला गाठला. मध्यंतरी नट बदलतात, निर्माते बदलतात, वाहिनीचे अधिकारी तर सतत बदलतात; अशा वेळी कथेची स्मृती, म्हणजे कोणी कोणाला कोणते वचन दिले, कोणाच्या मनात कोणता सल आहे, कोणते पात्र कोणता शब्द कधीही उच्चारणार नाही, ही सारी जपणूक लेखकाच्या माथी असते. दीर्घ मालिकेचा लेखक हा तिचा दप्तरदारच असतो.

अमेरिकेतील रायटर्स गिल्ड या लेखकसंघटनेने आजवर अनेक संप केले. त्यांपैकी १९८८ चा संप मार्चपासून ऑगस्टपर्यंत पाच महिने, २००७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला संप शंभर दिवस, आणि २०२३ चा संप २ मेपासून १४८ दिवस चालला. मागण्या कालमानाप्रमाणे बदलत गेल्या. कधी चित्रफितींच्या विक्रीतील वाटा, कधी इंटरनेटवरील प्रक्षेपणाचा मोबदला, आणि अगदी अलीकडे यंत्राकडून संहिता लिहवून घेण्यावर बंधन, असे त्यांचे स्वरूप होते. संप पुकारला की परिणाम एका क्रमाने दिसू लागतात. रात्री उशिराचे विनोदी गप्पांचे कार्यक्रम, ज्यांचा मजकूर त्याच दिवशी लिहिला जातो, ते जवळपास तत्काळ बंद पडतात. सायंकाळच्या साप्ताहिक मालिका हाती असलेल्या संहिता संपेपर्यंत काही आठवडे चालून थांबतात आणि त्यांच्या जागी जुने भाग दाखविले जातात. दिवसाच्या मालिका मात्र बंद पडत नाहीत. १९८८ साली त्या चालू राहिल्या, २००७-०८ साली चालू राहिल्या, आणि २०२३ सालीही 'जनरल हॉस्पिटल', 'द यंग अँड द रेस्टलेस' यांचे नवे भाग येतच राहिले.

याचे कारण वरवर क्षुल्लक आहे, पण त्याच्या पोटात पुष्कळ काही दडलेले आहे. अमेरिकेत दिवसाच्या मालिकांचे जुने भाग पुन्हा दाखविण्याची रीत जवळजवळ नव्हतीच. कालचा भाग काल संपला, तो पाहिला नाही तर गेला. त्यामुळे संपकाळात वाहिनीपुढे दोनच मार्ग उरले. पडदा मोकळा ठेवून प्रेक्षकाची दशकानुदशकांची सवय मोडू द्यायची, किंवा कोणाकडूनही लिहवून घ्यायचे. सवय मोडलेला प्रेक्षक परत येत नाही ही भीती इतकी प्रबळ होती, की संहिता कधी निर्मात्यांनी, कधी संघटनेबाहेरच्या होतकरूंनी लिहिल्या. आणि कधी त्या संघटनेतल्याच काही लेखकांनी, सदस्यत्वाचा पूर्ण हक्क सोडून, लिहिल्या. या शेवटच्या मार्गाला तिकडे 'फायनान्शियल कोअर' असे नाव आहे: सभासदाने मतदानाचा अधिकार कायमचा सोडायचा, वर्गणीचा ठरावीक भाग भरत राहायचे, आणि त्या बदल्यात संपाच्या काळातही काम करायला मोकळे व्हायचे, अशी तेथील कायद्याने दिलेली मुभा आहे. २००७-०८ च्या संपात ज्यांनी ही वाट धरली अशा २८ जणांची नावे गिल्डने संपानंतर प्रसिद्ध केली, आणि त्यांत दिवसाच्या मालिकांचे लेखक अनेक होते. त्यांच्यावर रोष ओढवला हे स्वाभाविक होते. परंतु त्यांच्या वर्तनाचा न्याय करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. सायंकाळच्या मालिकेच्या लेखकाला संपानंतर त्याची मालिका परत मिळण्याची आशा असते. दिवसाच्या मालिकेच्या लेखकाला, आधीच प्रेक्षक रोडावत असलेली आपली मालिका तोवर जिवंत राहील की नाही, याचीच शाश्वती नव्हती. ही धास्ती निराधार नव्हती: २००८ साली मोठ्या वाहिन्यांवर चालू असलेल्या आठ मालिकांपैकी चार पुढच्या चार वर्षांत बंद झाल्या. संपामुळेच त्या बंद झाल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण खर्च आणि बदललेली राहणी ही कारणे जुनी होती. पण त्या भयाचा लेखकांच्या निर्णयावर भार पडला नसेल, असे मला वाटत नाही.

परक्या हाताने लिहिलेल्या त्या महिन्यांत कथेचे काय होते, हा प्रश्न मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. नवखा लेखक प्रसंग रचू शकतो, अपघात घडवू शकतो, हरवलेला जुळा भाऊ परत आणू शकतो. परंतु वीस वर्षांपूर्वी या दोन पात्रांमध्ये काय घडले होते याची त्याला आठवण नसल्यामुळे तो त्यांच्याकडून अशी वाक्ये बोलवून घेतो, की जी त्यांच्या स्वभावात नाहीत. अशी चूक समीक्षकाच्या नजरेतून सुटेल, पण रोज न चुकता पाहणाऱ्या आजीच्या नजरेतून सुटत नाही. संप मिटून मूळ लेखक परतला तरी मधले भाग रद्दबातल करण्याचा अधिकार त्याला नसतो. प्रक्षेपित झालेली घटना कथेच्या दप्तरी रुजू झालेली असते, आणि ज्याने ती लिहिली नाही त्याला तिची फेड करत बसावे लागते.

आता आपल्याकडील उदाहरण. हिंदुस्थानात केवळ लेखकांनी पुकारलेल्या संपाने मालिका ठप्प झाल्या, असे घडलेले नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारी घटना म्हणजे २००८ सालची मुंबईतील कामबंदी. फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज या महासंघात त्या काळी प्रकाशयोजनेच्या कामगारांपासून वेशभूषाकारांपर्यंत बावीसेक व्यवसायांच्या संघटना सामील होत्या, आणि लेखकांची फिल्म रायटर्स असोसिएशन ही त्यांपैकीच एक. वेतनवाढ, कामाचे तास आणि थकलेली देणी या प्रश्नांवर ऑक्टोबरच्या आरंभी महासंघाने काम बंद केले; ते मिटते न मिटते तोच नोव्हेंबरात दूरचित्रवाणीच्या निर्मात्यांशी झगडा उभा राहिला, आणि सुमारे दहा दिवस हिंदी मालिकांचे चित्रीकरण थंडावले. बँक तोकडी असल्यामुळे वाहिन्यांनी जुने भाग पुन्हा दाखवायला सुरुवात केली. त्या वर्षी नुकतीच लोकप्रिय होऊ लागलेली 'बालिका वधू'देखील प्रेक्षकांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिली. पडदा मोकळा राहिला नाही, आणि कोणा परक्याकडून लिहवून घेण्याची गरजही वाहिन्यांना भासली नाही.

माझ्या मते दोन देशांतील भेदाची गुरुकिल्ली इथे आहे. अमेरिकेत संपाची धार दुसऱ्याच्या लेखणीने बोथट केली. आपल्याकडे ती लेखकाच्या स्वतःच्याच कालच्या लेखणीने बोथट झाली. मराठी-हिंदी प्रेक्षकाला पुनःप्रक्षेपणाची सवय जात्याच आहे. रात्रीचा भाग चुकला तर तो दुसऱ्या दिवशी दुपारी पाहायचा, हा त्याचा नित्यक्रम. म्हणून चार दिवस जुने भाग लागले तर तो कुरकुरतो, पण संच बंद करीत नाही. ही गोष्ट २०२० साली अधिक स्पष्ट झाली. महामारीमुळे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून चित्रीकरणे थांबली, दूरदर्शनने तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचे 'रामायण' व 'महाभारत' पुन्हा लावले आणि त्यांना अफाट प्रेक्षक मिळाला. मराठी वाहिन्यांनीही जुन्या मालिकांवर काही महिने निभावून नेले, आणि नवे भाग जुलैत सुरू झाले. तो संप नव्हता, कोणाची मागणी नव्हती; परंतु लेखकाविना वाहिनी किती काळ तग धरू शकते याचे उत्तर त्या महिन्यांनी अनायासे देऊन ठेवले. भागागणिक मेहनताना मिळणाऱ्या लेखकाची प्राप्ती या काळात थांबली, आणि त्याच वेळी त्याचेच जुने शब्द घरोघरी ऐकू येत होते.

आमच्या भागातल्या वाचकाला गिरणी कामगारांचा संप आठवेल. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले कितीतरी सातारा-सांगलीच्या खेड्यांतून गेलेले होते, आणि माग थांबले तेव्हा कापड खरोखरच निघेनासे झाले; मालकांकडे काल विणलेले कापड आज पुन्हा विकण्याची सोय नव्हती. लेखकाच्या बाबतीत ती सोय मालकाकडे आहे. म्हणून संपाचे हत्यार गिरणी कामगाराच्या हाती जसे होते तसे ते मालिकालेखकाच्या हाती नाही. गिरणी कामगार इतके समर्थ असूनही अखेर हरले, हे ध्यानात घेता लेखकाची स्थिती किती नाजूक आहे याची कल्पना येईल.

तरीसुद्धा लेखक सहज बदलता येतो, असे जर कोणी यावरून अनुमान काढील तर ते चुकीचे ठरेल, आणि त्याचा पुरावा मुंबईपेक्षा आमच्याच जिल्ह्यांत अधिक सापडेल. गेल्या काही वर्षांत मालिकांची चित्रीकरणे मुंबई-ठाण्याचे बंदिस्त स्टुडिओ सोडून कृष्णाकाठी आली. 'लागिरं झालं जी' २०१७ ते २०१९ या काळात साताऱ्याच्या परिसरात चित्रित झाली. 'मिसेस मुख्यमंत्री', 'देवमाणूस' याही तिकडच्याच. 'जीव झाला येडापिसा' आणि 'राजा रानीची गं जोडी' यांचे कॅमेरे सांगलीकडे लागले. 'लागिरं'मधला आज्या आणि शितली जी भाषा बोलत ती वाईकडच्या तेजपाल वाघ यांच्या लेखणीतून उतरलेली होती, आणि त्या मालिकेच्या यशात फौजी होण्याच्या वेडाइतकाच वाटा त्या बोलीचा होता. साताऱ्याचा ठसका वेगळा, सांगली-मिरजेचा हेल वेगळा. माणदेशात शिरले की शब्द आणखी बदलतात. संपाच्या काळात मुंबईत बसलेल्या बदली लेखकाने 'काय करायलाय' आणि 'काय करतुयास' यांची सरमिसळ केली, तर टीआरपीच्या तक्त्यात ती पहिल्या आठवड्यात दिसणार नाही, पण ज्या माणसांची ती बोली आहे त्यांना पात्र परके झाल्याचे त्याच संध्याकाळी कळेल. चित्रीकरण थांबले तर वाडा भाड्याने देणारा, डबे पुरविणारी खानावळ, गाड्यांचे चालक, गर्दीच्या दृश्यांत उभी राहणारी गावकरी मंडळी, या सर्वांचीही रोजी बुडते. पुनःप्रक्षेपण लेखकाचा संप निष्प्रभ करते, पण या माणसांचे नुकसान मात्र थांबवत नाही.

सांगलीच्या रंगभूमीचा इतिहास पाहिला तर लेखकाविना नाटक हीच कधी काळी इथली रीत होती. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' रंगविले, तेव्हा पद्ये लिहिलेली असत आणि गद्य भाषणे नट आयत्या वेळी स्वतःच्या बुद्धीने करीत. पुढे हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या पिढीत लिखित संहितेला मान मिळाला, आणि पात्राच्या तोंडचा प्रत्येक शब्द कोणा एका माणसाच्या जबाबदारीचा झाला. लिहिलेल्या शब्दाची ही प्रतिष्ठा ज्या गावांनी कमावली, त्या गावांतल्या माणसाला मालिकालेखकाची अनामिकता खटकावी, हे योग्यच आहे.

कायद्याने ही अनामिकता काही अंशी दूर केली आहे, निदान कागदावर. २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत जो आग्रह धरला तो सर्वश्रुत आहे. त्या दुरुस्तीनुसार चित्रकृतीत समाविष्ट झालेल्या लेखनाचा चित्रपटगृहाबाहेर जो वापर होईल त्याच्या स्वामित्वधनात लेखकाचा समान वाटा राहतो, आणि तो वाटा लेखकाने करारात लिहून दिला तरी सोडता येत नाही. दुपारचे पुनःप्रक्षेपण या तरतुदीच्या कक्षेत येते, असे मानण्यास पूर्ण आधार आहे. प्रत्यक्षात करारनामे बहुधा एकरकमी मोबदल्याचे असतात आणि तोही भाग प्रक्षेपित झाल्यानंतर सुमारे ९० दिवसांनी हाती पडतो. लेखकाला केव्हाही दूर करण्याची मुभा निर्मात्याकडे असते, आणि दुपारच्या भागात श्रेयनामावली पुष्कळदा कापली जाते. सामुदायिक सौद्याची वाटही निर्वेध नाही: २०१७ साली स्पर्धा आयोगाने चित्रपट व्यवसायातील संघटनांच्या सामंजस्य करारांतली काही कलमे स्पर्धाविरोधी ठरविली, त्यामुळे किमान दर ठरविणारी संघटना कामगारांची की व्यावसायिकांची, हा वाद लेखकांच्या मानेवर टांगलेला राहिला. फिल्म रायटर्स असोसिएशन आता स्क्रीनरायटर्स असोसिएशन या नावाने काम करते. मराठीत मालिका, नाटक आणि चित्रपट यांच्या लेखकांनी 'मानाचि' ही स्वतःची संघटना उभारली आहे.

या संघटनांनी उद्या संप पुकारलाच, तर पहिला आठवडा बँकेवर निघेल, दुसरा पुनःप्रक्षेपणावर, आणि पुढचे लेखन कोणीतरी करू लागेल. म्हणून झगडा कामबंदीच्या दिवसांचा नसून पुनःप्रक्षेपणाच्या कलमाचा आहे, असे मला आग्रहपूर्वक वाटते. जुना भाग लावणे वाहिनीला फुकट पडते तोवर लेखकाच्या गैरहजेरीची तिला किंमत मोजावी लागणार नाही. प्रत्येक पुनःप्रक्षेपणामागे कथा, पटकथा आणि संवाद या तिघांच्या नावे ठरलेली रक्कम जमा होऊ लागली आणि नावे दुपारच्या भागातही वाचता येतील इतका वेळ पडद्यावर राहिली, तर तिघांनाही वाटाघाटीला बसताना आज नसलेला आधार मिळेल. कायद्यातला वाटा लेखक सोडू शकत नाही. तो मागण्यासाठी संप पुकारावा लागत नाही, करारावर सही करण्यापूर्वी ते कलम लिहून घ्यावे लागते.